दिसत नाही म्हणजे नाही? अंगणात उथळ पुरलेली इंटरनेटची वायर

या मालिकेतल्या मागच्या दोन व्याख्यानांत आपण ज्ञानाची साधनं पाहिली, ज्यांना आपल्या परंपरेत प्रमाणं म्हणतात. त्यानंतर बऱ्याच जणांनी कळवलं की सर, डोंगरावरचा धूर आणि अंधारातली दोरी पुरे झाली, आता घरातलं काहीतरी घ्या. म्हणून आज घरातलं, खरं तर घराच्या अंगणातलं उदाहरण घेतलं आहे.

गेल्या काही वर्षांत बंगल्यांना, रो-हाउसना, गावाकडच्या घरांनाही फायबरचं इंटरनेट आलं. ती बारीक काळी वायर रस्त्यावरच्या खांबावरून येते, कुंपणाच्या भिंतीवरून उतरते आणि पुष्कळ ठिकाणी बागेतून, मातीच्या जेमतेम चार बोटं खालून, घरात शिरते. सहा महिन्यांनी ती कुठून गेली हे घरातल्या कुणालाही आठवत नाही. मग एक दिवस कुणीतरी कुदळ मारतं आणि घरातला इंटरनेट बंद पडतो.

आज अशा वायरीचं काय करायचं ते सांगणार आहे. ती उथळ का पुरली जाते, तुटते म्हणजे नेमकं काय होतं, शोधायची कशी आणि नीट कशी करायची. ओघात एक प्रश्न येईल, तो म्हणजे तुटली तर दोष कुणाचा. माझ्या दृष्टीनं आजचा मुख्य प्रश्न तोच आहे.

चार बोटांवर का?

जोडणी द्यायला दोन मुलं येतात. पाठीवर वायरीचं भेंडोळं, हातात ड्रिल. त्यांना त्या दिवशी अजून तीन-चार घरं करायची असतात आणि बहुतेक वेळा पैसे जोडणीमागे मिळतात, खणण्यामागे नाही. आपल्याकडची जमीन पाहिली तर वर वीतभर माती आणि खाली मुरूम. मुरमात पहारीशिवाय काम होत नाही. तेव्हा ती मुलं स्क्रूड्रायव्हरनं किंवा खुरप्यानं मातीत एक रेघ ओढतात, वायर आत दाबतात, वरून पाय फिरवतात. काम पाच मिनिटांत होतं आणि घरमालकही खूश होतो, कारण बाग उकरली गेली नाही. हे लक्षात ठेवा. ती वायर उथळ राहिली यात आपलीही संमती असते.

मुख्य रस्त्याच्या कडेनं जाणाऱ्या मोठ्या ऑप्टिकल फायबर केबलसाठी सरकारी कामांत दीड मीटरपेक्षा जास्त खोलीचा चर सांगितलेला असतो. आपल्या अंगणातली ही शेवटची वायर म्हणजे ड्रॉप केबल. ती मुळात खांबावरून लोंबकळत नेण्यासाठी आणि भिंतीला क्लिपनं मारण्यासाठी केलेली असते. पुष्कळ वेळा ती थेट मातीत घालण्याच्या जातीची नसतेच. म्हणजे इथे दोन गोष्टी एकदम चुकतात. खोली कमी असते आणि वर पाइपचं संरक्षणही नसतं.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, एप्रिल-मेमध्ये आकसते आणि तिला भेगा पडतात. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. अशा मातीत चार बोटांवर पुरलेली वायर दरवर्षी थोडी ताणली जाते, थोडी वर सरकते. पहिल्या वळवाच्या पावसात वरची माती वाहून गेली की ती उघडी पडते. शिवाय आपल्याकडे घुशी आहेत. घूस आणि उंदीर वायर कुरतडतात ते भुकेनं नव्हे. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि ते झिजवायला त्यांना काहीतरी कुरतडावंच लागतं.

वायरीच्या आत काय आहे

जुनी टेलिफोनची तार तांब्याची होती. ती तुटली तर आपण दोन टोकं सोलून पीळ देत होतो, वर चिकटपट्टी, आणि फोन चालू. फायबरला हे लागू पडत नाही. का, ते समजून घेऊ.

फायबर म्हणजे काचेचा धागा. काचेची एकूण जाडी 125 मायक्रॉन आणि त्यातला जो मधला गाभा प्रकाश वाहून नेतो, तो साधारण 9 मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस या गाभ्याच्या कित्येक पट जाड असतो. त्या गाभ्यातून डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जातो आणि त्याच्या उघडझापीतून तुमचा व्हिडिओ कॉल, बँकेचा व्यवहार, नातवाची परीक्षा असं सगळं धावतं.

प्रकाश वाकड्या वायरीतून बाहेर का सांडत नाही? पाण्यात पोहणाऱ्यानं तिरपं वर पाहिलं तर एका मर्यादेपलीकडे त्याला बाहेरचं दिसत नाही, पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. जॉन टिंडॉल यांनी 1854 मध्ये लंडनमध्ये पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश नेऊन दाखवला होता. त्याआधी जिनिव्हात कोलाडन यांनी तसाच प्रयोग केला होता. पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी 1954 मध्ये हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचं काम ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे 1966 मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवलं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश दूरवर नेता येईल. त्या कामासाठी काओंना 2009 चं नोबेल मिळालं.

आता अंगणात परत येऊ. परावर्तन टिकतं ते प्रकाश काचेच्या कडेवर पुरेसा तिरपा पडतो म्हणून. वायर फार काटकोनात वळवली किंवा तिच्यावर एखादा टोकदार दगड दाबून बसला, तर त्या जागी प्रकाश कडेला जास्त सरळ आपटतो आणि बाहेर निसटतो. वायर तुटलेली नसते, तरी इंटरनेट मंद होतो, मधूनच जातो. आणि तुटली तर 9 मायक्रॉनचे दोन गाभे परत एकमेकांसमोर अचूक आणावे लागतात. हातानं पीळ देऊन ते होणार नाही. त्यासाठी काच वितळवून जोडणारं स्प्लायसिंग मशीन लागतं, किंवा निदान त्या कामाचा यांत्रिक सांधा.

तंत्रज्ञ आला की त्याच्याकडे एक छोटा मीटर असतो, तो प्रकाशाची ताकद मोजतो. आकडा उणे असतो. उणे 20 च्या आसपास असेल तर उत्तम. आपल्याकडे सर्रास असणाऱ्या जोडणीत उणे 27 ही साधारण शेवटची पायरी समजा. जोडणी नवी असताना हा आकडा विचारून वहीत लिहून ठेवा. पुढे तो उणे 19 वरून उणे 25 वर घसरला, तर वायर कुठेतरी दबली किंवा दुमडली आहे हे ती तुटण्याच्या आधीच कळतं.

माळीबुवांचा दोष काय?

आमच्या कॉलनीतली एक हकिकत सांगतो. जूनचा पहिला आठवडा, दोन पाऊस होऊन गेलेले. शेजारच्या बंगल्यात माळीबुवा अनंताचं रोप लावायला खड्डा घेत होते. तिसऱ्या-चौथ्या टिकावात वायर तुटली. घरातला मुलगा वरच्या मजल्यावर ऑफिसचं काम करत होता. आरडाओरडा झाला. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, त्यानं नवी वायर टाकली आणि दीड हजार रुपये घेतले. ते पैसे माळीबुवांच्या पगारातून दोन हप्त्यांत कापले गेले. कारण काय सांगितलं? “बघून खणायला काय झालं होतं?”

या वाक्यावर थोडं थांबू या, कारण त्यात मोठा तर्कदोष आहे.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती सहा प्रमाणं मानतात. त्यांतलं सहावं अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. टेबलावर घडा नाही हे मला कसं कळलं? घडा मला तिथे आढळला नाही, त्यावरून. पण तुम्ही म्हणाल, मग तर जे जे दिसत नाही ते ते नाहीच म्हणायचं? नाही. तिथेच या लोकांनी मेख मारून ठेवली आहे. न आढळणं तेव्हाच प्रमाण होतं, जेव्हा ती वस्तू असती तर नक्की आढळली असती. उजेड आहे, डोळे ठीक आहेत, मध्ये आडोसा नाही आणि वस्तू डोळ्याला दिसण्याजोगी आहे, अशा वेळी ती दिसली नाही तर ती नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीनंही आपल्या पद्धतीनं हीच अट घातली, की जे दिसण्याजोगं आहे त्याच्याच न दिसण्यावरून नसणं सिद्ध होतं.

मातीखालची वायर दिसण्याजोगी नाही. तेव्हा “मला दिसली नाही, म्हणून नसेल” असं माळीबुवांनी म्हटलं असतं तर तो निष्कर्ष चुकीचा ठरला असता. पण “बघून खणायला काय झालं होतं” हे मालकांचं वाक्य त्याहून चुकीचं आहे. जे बघता येतच नाही ते बघितलं नाही म्हणून ते माणसाला दोष देत आहेत. आणि ते कळण्याचा जो एकच मार्ग माळीबुवांसाठी होता, कुणीतरी सांगणं, तो मार्ग त्यांना कुणी दिला नव्हता. वायर कुणी पुरली हे मालकांना माहीत होतं. पुरताना ते समोर उभे होते.

म्हणून मला वाटतं, पुरणं या क्रियेत एक जबाबदारी आपोआप येते. वस्तू उघड्यावर असते तेव्हा ती स्वतःच आपलं अस्तित्व सांगत असते. ती आपण मातीखाली घातली की तिचं सांगणं बंद होतं आणि ते काम आपल्याकडे येतं. ते आपण केलं नाही, तर तिचा सगळा धोका पुढे खणणाऱ्याच्या माथी जातो. आणि आपल्याकडे खणणारा हा बहुधा घरातला सर्वांत कमी पैसे मिळवणारा आणि सर्वांत कमी माहिती दिली गेलेला माणूस असतो.

शोधायची कशी

पहिली अट, आणि ही मी दोनदा सांगणार आहे. मातीत सापडलेली वायर इंटरनेटचीच आहे असं धरून चालू नका. बागेत दिव्यांची वायर असू शकते, गेटच्या बेलची असू शकते, बोअरवेलच्या मोटरची असू शकते. बोअरच्या पंपाची वायर चपटी असते आणि फायबरची ड्रॉप केबलही पुष्कळदा चपटीच असते. फरक जाडीत आहे. फायबरची वायर पंपाच्या वायरीपेक्षा खूपच बारीक असते. पण चिखलात माखलेल्या वायरीची जाडी डोळ्यांनी जोखून जिवाशी खेळू नका. वायर दोन्ही टोकांपर्यंत माग काढून ओळखा. तोपर्यंत बागेकडे जाणारा विजेचा पुरवठा मेन स्विचवरून बंद ठेवा. जुन्या टेलिफोनच्या तारेतही सुमारे 48 व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना त्याहून जास्त. दुसऱ्यांदा सांगतो: ओळख पटेपर्यंत हात लावू नका.

आता शोध. प्रत्यक्षापासून सुरुवात करा. कुंपणाच्या भिंतीवरून वायर कुठे उतरते आणि घराच्या भिंतीत कुठे शिरते, ही दोन टोकं डोळ्यांना दिसतात. तिथे खुणा करा.

मग अर्थापत्ती. मीमांसकांचा देवदत्त तुम्हाला आठवत असेल. दिवसा जेवत नाही आणि तरी धष्टपुष्ट आहे, म्हणजे रात्री जेवतो. तसंच इथे. घरात इंटरनेट चालू आहे, दोन टोकांच्या मध्ये वायर वर कुठेही दिसत नाही, म्हणजे ती मातीखालून जाते. इथवर निष्कर्ष पक्का आहे. पण ती सरळ रेषेत जाते हा निष्कर्ष यातून निघत नाही. मुलांनी आंब्याला वळसा घातला असेल, पाण्याच्या नळाला टाळलं असेल. “टोकं दोन, म्हणजे मध्ये सरळ रेघ” हे अनुमान बागेत सर्वांत जास्त वायरी तोडतं.

तेव्हा तिसरं प्रमाण, शब्द, म्हणजे माहितगाराचं सांगणं. न्यायदर्शनात माहितगाराला आप्त म्हणतात. वात्स्यायनांनी न्यायभाष्यात आप्ताचं लक्षण दिलं आहे: ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जो जशी माहीत आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. पुढे ते असंही म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. किती मोकळी व्याख्या आहे बघा. तुमच्या बागेपुरता आप्त कोण? ज्यानं वायर पुरली तो विशीतला मुलगा. त्याला फोन लावा. जोडणीच्या कागदावर नंबर असतो, किंवा कंपनीच्या केंद्रातून मिळतो. “उजव्या वाफ्याच्या कडेनं गेलीय काका, मग फरशीखालून,” असं तो सांगतो. त्या एका वाक्यानं अर्धा दिवस वाचतो.

तो सापडला नाही तर हळू खणणं हाच मार्ग. त्यासाठी आदल्या संध्याकाळी त्या पट्ट्याला पाणी द्या, म्हणजे माती मऊ होते. टिकाव आणि पहार बाजूला ठेवा. खुरपं घ्या, भिंतीजवळच्या ज्या टोकाला वायर दिसते तिथून सुरुवात करा आणि वायरीच्या कडेनं पुढे सरका. खुरप्याचं पातं वायरीला समांतर ठेवा, आडवं मारू नका. वायर ओढून तिचा मार्ग काढायचा मोह होतो, तो टाळा. ओढताना आतली काच ताणली जाते आणि वरून काहीच दिसत नाही.

नीट करायची कशी

वायर सापडली, शाबूत आहे. आता पहिला प्रश्न असा, की ती जमिनीत असायलाच हवी का? पुष्कळ घरांत उत्तर “नाही” असं आहे. कुंपणाची भिंत घरापर्यंत पोचत असेल तर वायर भिंतीवरून, कमरेच्या उंचीवर, क्लिपनं न्या. काळं आवरण उन्हाला बऱ्यापैकी टिकतं. ती दिसते, म्हणून सुरक्षित राहते.

जमिनीतूनच न्यायची असेल तर खोलीआधी मार्गाचा विचार करा. खुरपणी दोन-तीन इंच जाते. कुदळीनं वाफा उलटायचा तर सहा-आठ इंच. जास्वंदीच्या रोपाला दीड फुटाचा खड्डा, आणि आंब्याच्या कलमाला तर तीन-तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेण्याची पद्धत आहे. म्हणजे खोली तुम्हाला खुरप्यापासून वाचवते, झाडाच्या खड्ड्यापासून वाचवत नाही. खड्ड्यापासून वाचवतो तो मार्ग. जिथे कुणी झाड लावणार नाही अशी जागा शोधा, म्हणजे पायवाटेची कड, फरशीची कड, कुंपणाच्या भिंतीलगतची पट्टी. फेरा पडला तरी चालेल, मात्र तेवढी वायर शिल्लक आहे का ते आधी पाहा. नसेल तर कंपनीकडून नवी लांब वायर मागवा. मध्ये सांधा घालून लांबवू नका.

चर किमान हातभर, म्हणजे दीड फूट खोल घ्या. मुरूम लागला आणि तेवढं जमलं नाही, तर निदान पाइपशिवाय ठेवू नका. तळाचे टोकदार दगड काढा, दोन बोटं वाळू पसरा. त्यावर एक इंची पाइप. इथे अडचण अशी येते की वायरीच्या टोकाला हिरवा कनेक्टर असतो किंवा ती भिंतीतून आत गेलेली असते, त्यामुळे ती पाइपात ओवता येत नाही. अशा वेळी पाइपला लांबीभर उभी चीर द्या आणि वायर त्या चिरेतून आत बसवा. चीर खालच्या बाजूला येऊ द्या, दर फुटावर पट्टी बांधा. वायर कापायची गरज नाही. घुशींची बिळं असतील तेवढ्या भागात, आणि गेटजवळ जिथे गाडी वरून जाते तिथे, लोखंडी पाइप वापरा.

वळणं मोठी ठेवा, ताटाच्या कडेसारखी गोल. काटकोनी एल्बो लावू नका. विजेची वायर त्याच पाइपात घालू नका. दोन्ही शेजारून जात असतील तर मध्ये फूटभर अंतर ठेवा. घराच्या टोकाला वायरीचं दोन-तीन वेढ्यांचं सैल भेंडोळं भिंतीवर राहू द्या, म्हणजे पुढे काही झालं तर तंत्रज्ञाला हात टेकायला जागा राहते. पाइपची दोन्ही टोकं मातीच्या वर काढून खाली वळवा आणि तोंडाला कापडाचा किंवा फोमचा बोळा बसवा, म्हणजे मुंग्या आणि उंदीर आत शिरत नाहीत.

पाइपवर अर्धा फूट माती आली की एक विटांची रांग आडवी ठेवा, किंवा बाजारात मिळणारी रंगीत इशारापट्टी अंथरा. विजेच्या केबलवर विटा ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तिचं काम वायर वाचवण्याइतकंच खणणाऱ्याला थांबवण्याचं आहे. टिकावाला वीट लागली की माणूस वाकून बघतो. मघाशी म्हटलं ना, मातीखालच्या वस्तूचं सांगणं बंद होतं? ही विटांची रांग तिला पुन्हा बोलतं करते.

आणि शेवटचं काम कागदावरचं. चर बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मग घराचे दोन पक्के कोपरे धरा आणि वायर जिथे जिथे वळते त्या प्रत्येक जागेचं दोन्ही कोपऱ्यांपासूनचं अंतर टेपनं मोजून लिहा. दोन अंतरं असली की जागा पक्की ठरते. झाडापासून मोजू नका, झाड वाढतं, मरतं, तोडलं जातं. हा कागद वीजमीटरच्या पेटीत ठेवा आणि माळीबुवांना एकदा प्रत्यक्ष चालून दाखवा.

तुटलीच तर

राउटरजवळच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाश घरापर्यंत पोचत नाही असं समजा. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नका. प्रकाश अवरक्त आहे, दिसणार काहीच नाही आणि डोळ्याशी प्रयोग नको. काचेचे बारीक तुकडे मातीत पडले असतील, ते सुईपेक्षा बारीक असतात आणि बोटात शिरले की निघत नाहीत. चिकटपट्टीनं टिपून घ्या, ती जागा मुलांना आणि कुत्र्याला मोकळी सोडू नका. टोकांवर प्लास्टिकची पिशवी बांधा, कंपनीला कळवा. तंत्रज्ञ मातीतच सांधा करून पुरू म्हणाला तर नको म्हणा. सांधा हवा असेल तर तो भिंतीवरच्या डबीत, जमिनीच्या वर. बागेतलं अंतर थोडंच असतं, तेव्हा अखंड नवी वायर हाच बरा मार्ग.

कायद्याबद्दल थोडंसं

आपल्याकडे 1885 चा तार कायदा होता. त्याच्या 10 व्या कलमात एक सुंदर भेद आहे. तार टाकणाऱ्याला दुसऱ्याच्या जमिनीत फक्त वापराचा हक्क मिळतो, जमिनीवर दुसरा कोणताही हक्क मिळत नाही. आता 2023 चा दूरसंचार कायदा आला. त्यातली मार्गहक्काची कलमं 26 जून 2024 पासून लागू झाली आणि त्याखालचे नियम 1 जानेवारी 2025 पासून. खाजगी जागेत वायर न्यायची तर कंपनीनं आधी मालकाशी बोलून करार करावा, ही त्यातली मूळ दिशा. उलट बाजूनं, तुमच्या जमिनीत आहे म्हणून ते जाळं तुमच्या मालमत्तेचा भाग होत नाही, तेही कायदा सांगतो.

मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारनं ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅप सुरू केलं. खणणाऱ्यानं आधी कळवावं आणि केबल-पाइपवाल्यांनी आपली जागा सांगावी, अशी त्यामागची कल्पना. रस्त्याच्या कामाला ते उपयोगी आहे. तुमच्या वाफ्यातली शेवटची वायर मात्र त्यात सापडेल असं धरून चालू नका. तो नकाशा तुमचा तुम्हालाच करायचा आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, आमच्या बागेतून शेजाऱ्यांची वायर गेली आहे, आम्हाला न विचारता. आम्ही ती काढून टाकावी का?*

रागाचं कारण रास्त आहे, तरी कापू नका. न विचारता वायर टाकणारी कंपनी होती, पण कापल्यावर अंधारात बसणार शेजारी. आधी शेजाऱ्यांना घेऊन जा आणि वायर दाखवा, त्यांनाही बहुधा माहीत नसतं. मग दोघांनी मिळून कंपनीला लेखी कळवा की अमुक तारखेपर्यंत मार्ग बदला, तोपर्यंत आम्ही तिथे खणणार नाही. लेखी कळवल्यावर तुमची बाजू पक्की होते.

*आम्ही नवं घर बांधतोय. आधीच काय करून ठेवावं?*

अंगणाची फरशी टाकण्याआधी कुंपणापासून घरापर्यंत एक रिकामा पाइप टाका, जमल्यास दोन. आत नायलॉनची दोरी ओढून ठेवा आणि दोन्ही टोकं बंद करा. उद्या कंपनी बदलली, तंत्र बदललं, तरी अंगण उकरावं लागणार नाही.

*माळीबुवांचे कापलेले दीड हजार परत मिळाले का?*

मी शेजाऱ्यांना योग्यानुपलब्धी वगैरे काही सांगितली नाही. एवढंच विचारलं की वायर कुठून गेलीय हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं का. ते बराच वेळ गप्प बसले. पैसे पुढच्या पगारात परत दिले, आणि त्याच रविवारी माळीबुवांनी आणि त्यांच्या मुलानं मिळून नवी वायर भिंतीवर घेतली. तुमच्यापैकी ज्यांच्या बागेत अशी वायर आहे त्यांनी या रविवारी निदान टेप घेऊन तिची जागा लिहून ठेवा. पुढच्या वेळी आपण शब्दप्रमाणावर सविस्तर बोलू.